कोठडीच्या किल्लीचा दुसरा फेरा

यातलं काहीही मी रचलेलं नाही. कुणाला विश्वास ठेवायचा नसेल तर त्याने ठेवू नये. दोन वर्षांपूर्वी मला कुणी हे सांगितलं असतं, तर मीही मान हलवून दुसरा विषय काढला असता.

माझे वडील गेल्या वर्षी वारले. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. ते थांबलं तेव्हा मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

मध्ये एक दार होतं.

त्या दाराला कुलूप नव्हतं.

*

आमचं गाव होल्मरोडे, हार्त्सच्या डोंगराखाली. सुरुवात झाली ती नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, शोकरविवाराच्या आदल्या संध्याकाळी. युद्धात गेलेल्यांची आठवण काढायचा तो रविवार. आमच्या गावात तो चर्चमध्ये नव्हे, जुन्या शाळेत पाळतात. ग्रीक आणि लॅटिन शिकवणारी ती शाळा त्या वर्षी चारशे वर्षांची झाली होती.

माझे वडील फोल्कमार फॉसकांप त्याच शाळेत ग्रीक शिकवत. त्यांचे वडीलही तिथेच शिकवत, आणि आजोबाही. "फॉसकांपांची पोरं आधी ग्रीकमध्ये रडतात, मग जर्मनमध्ये," असं गावात चेष्टेनं म्हणत. मी ग्रंथपाल झाले तेव्हा पपा म्हणाले होते, "चालेल. पुस्तकं तरी सोडली नाहीस."

शाळेचा इतिहासही पपांनीच लिहून दिला होता. भिक्षूंचा मठ. प्लेगमध्ये एकामागून एक गेलेले हेडमास्तर. प्रार्थनेच्या खोलीत बांधलेले फ्रेंचांचे घोडे. पहिली मुलगी वर्गात येऊन बसली म्हणून राजीनामा देणारा गणिताचा मास्तर. सगळं होतं त्यात.

माळ्यावरच्या कोठडीचंही एक प्रकरण होतं. गमतीदार.

पूर्वी उर्मट मुलांना या कोठडीत बंद करत. संध्याकाळची घंटा झाली की शिपाई वर जाऊन सोडायचा. मुलं भिंतींवर कविता कोरत, मास्तरांचे चेहरे लावलेली गाढवं कोरत. आता तिथे कापडाचा एक विद्यार्थी करून बसवला होता. लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत.

त्या शनिवारी पपा वर गेले ते कोठडीत लावलेल्या पाटीवरचं लॅटिन तपासायला. सोबत शाळेची देखभाल बघणाऱ्या शिमानेकबाई होत्या.

"बघा सर, पोरांनी याच्या हातात मोबाईल दिला होता. मी काढून घेतला. कोठडीत कसला मोबाईल?"

"बरं केलंत."

"तुम्ही बसलायत कधी इथे? का प्रोफेसरांचा मुलगा म्हणून सूट?"

"माझ्या वेळी बंद झाली होती. वडिलांच्याही वेळी."

"का हो बंद केली?"

पपा पाटी वाचत राहिले.

"मला एक कळत नाही सर," बाई म्हणाल्या. "भिंतीवर बोट ठेवायला जागा नाही, इतकं कोरलंय. आणि दारावर आतून एक ओरखडा नाही. पोरांनी दार कसं सोडलं?"

पपांना माहीत होतं. दार सोडलं नव्हतं. कुणीतरी त्यावर रंधा मारला होता.

"चला, खाली जाऊ," ते म्हणाले.

बाईंनी दार ओढलं आणि किल्ली घातली. "कुलूप मात्र बेरकी आहे. पहिला फेरा नुसता फसवा. वाटतं लागलं, पण धक्का दिला की दार उघडतं. दुसरा फेरा दिला…"

किल्ली पुन्हा वळली. आवाज माळ्यावर घुमला.

"…की मग कुणाच्या बापाला उघडत नाही."

*

आता टिलो ब्राकेलबद्दल सांगते. हे पपांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं, आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी. पपांनी मला सांगितलं त्याच आठवड्यात, शनिवारच्या आधी.

१९१७ चा फेब्रुवारी. पहिल्या महायुद्धातला उपाशी हिवाळा. बटाटे संपले होते. माणसं सलगमचा पाव खात, सलगमचा मुरंबा खात, सलगम भाजून त्याची कॉफी पीत. थंडी अशी की चिमण्या वळचणीवरून दगडासारख्या पडत.

माझे पणजोबा, प्रोफेसर लेबरेख्त फॉसकांप, यांनी वरच्या वर्गाला निबंध दिला. विषय : रणांगणावरच्या मृत्यूचा गौरव.

टिलो ब्राकेलनं कोरा कागद दिला. सतरा वर्षांचा होता. आई लोकांचे कपडे धुवायची. फी माफ होती. मोठा भाऊ आदल्या शरद ऋतूत फ्रान्समध्ये मारला गेला होता.

"हे काय आहे, ब्राकेल?"

"भावाची वाट बघतोय, सर. तो परत आला की त्याला विचारून लिहितो."

वर्ग हसायला गेला, आणि मध्येच गप्प झाला.

पणजोबांनी त्याला स्वतः वर नेलं. कुलपाला दोन फेरे दिले. संध्याकाळच्या घंटेपर्यंत शिक्षा.

पण त्या दुपारी हुकूम आला. कोळसा संपला, पुढची सूचना येईपर्यंत सगळ्या शाळा बंद. मुलांनी टोप्या हवेत उडवल्या. मास्तर कॉलर वर करून घरी पळाले. शिपाई आघाडीवर होता, घंटा त्याची बायको वाजवायची. तिच्याही चुलीत कोळसा नव्हता. ती बहिणीच्या गावी निघून गेली.

त्या संध्याकाळी घंटा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी झाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

टिलोच्या आईनं त्याला शोधलं का नाही? कारण त्या दिवसांत पोरं घरी न सांगता सैन्यात पळत. बाकं एकेक करून रिकामी होत. तिला वाटलं, हाही भावामागून गेला. ती टपालवाल्याची वाट बघत बसली.

आणि शाळेची एक रीत होती. मुलगा युद्धावर गेला की सोबती त्याच्या बाकावर ओकची डहाळी ठेवत. मग मास्तर वर्गात आले की सगळा वर्ग उभा राहायचा. हिवाळ्यातही ओकची वाळकी पानं झाडावर टिकून असतात, त्यामुळे डहाळी कधी कमी पडली नाही.

काही आठवड्यांनी शाळा उघडली. पणजोबा वर्गात आले. वर्ग उभा होता.

टिलोच्या बाकावर… डहाळी होती.

त्या क्षणी त्यांना आठवलं.

त्यांनी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? जिन्यावरून वर धावले असतील? किंचाळले असतील?

ते म्हणाले, "बसा."

आणि पूर्ण तास शिकवला.

*

पुढचं थोडक्यात सांगते, कारण मला ते लांबवायचं नाही. रात्री पणजोबा आणि तेव्हाचे हेडमास्तर वर गेले. त्यांनी त्याला भिक्षूंच्या जुन्या बागेत, ओकच्या झाडाखाली पुरलं. दारावर रंधा मारला. मग हेडमास्तर काळा कोट घालून धोबिणीच्या घरी गेले. तुमचा मुलगा फ्लँडर्समध्ये वीरमरण पावला, म्हणाले.

तिनं त्यांचा हात हातात घेतला. एवढा मोठा माणूस आपल्या दारी आला म्हणून आभार मानले.

युद्ध संपल्यावर शाळेच्या सभागृहात संगमरवरी पाटी लागली. त्यावर टिलोचं नाव आहे. आजही आहे.

ज्या मुलानं वीरमरणावर एक ओळ लिहायला नकार दिला, त्याला यांनी वीर करून टाकलं.

शोकरविवारी नावं वाचायची प्रथा पणजोबांनीच सुरू केली. प्रत्येक नावाला सगळ्यात लहान वर्गातली मुलं लॅटिनमध्ये उत्तर देतात : 'हजर आहे.' नावं फॉसकांपांनीच वाचायची, असं आपोआप ठरून गेलं. गावाला तो आमचा मान वाटायचा.

पणजोबा गेले ते आगगाडीच्या डब्यात. जुलैचा महिना होता. डब्याचं दार उघडेना. शेवटच्या स्टेशनवर ते फोडलं तेव्हा ते दाराशी टेकून बसलेले होते, आणि उतरवणाऱ्या हमालाने बर्फासारखे गार लागतात म्हणून हात मागे घेतला.

आजोबा एगिनहार्ट गेले ते घरातल्या बटाट्यांच्या तळघरात. बाहेरून कडीसुद्धा नव्हती.

त्यानंतर आजीनं घरातल्या एकूणएक दारांची कुलुपं उचकटून काढली. कुलपांच्या जागी नुसती भोकं राहिली.

मी लहानपणी त्या भोकांना डोळा लावून लपाछपी खेळायचे. भोकं का आहेत, कुणी सांगितलं नाही.

*

तर तो शनिवार.

पपा कोठडीतून खाली आले. त्यांनी ठरवलं होतं, उद्या सांगायचं. टिलोच्या नावापाशी थांबायचं, आणि सगळ्या गावासमोर खरं बोलायचं. आदल्या रात्री फोनवर मी म्हणाले होते, "पपा, सांगून टाका. तुमच्या डोक्यावरचं ओझं जाईल."

ते म्हणाले होते, "ओझं माझ्या डोक्यावर नाही गं. दाराबाहेर उभं आहे."

सभागृह रिकामं होतं. चार वाजून गेले होते, म्हणजे आमच्याकडे अंधारच. त्यांनी एक दिवा लावला आणि नावं वाचायचा सराव सुरू केला. सवयीनं. एकेक नाव.

खुर्ची मागे होती. पाय दुखले म्हणून ते बसायला वळले.

खुर्चीवर… ओकची डहाळी होती.

वाळकी. तपकिरी. देठाशी ओली, जणू आत्ताच तोडली होती.

"शिमानेकबाई!" त्यांनी हाक मारली.

"काय हो सर?" बाई दारातून डोकावल्या.

"ही तुम्ही ठेवलीत?"

"मी कशाला पाला ठेवू? दुपारभर झाडतेय मी. पोरांचं काम असेल. द्या इकडे."

त्यांनी डहाळी उचलली आणि लगेच खाली टाकली. तळहात एप्रनला पुसला.

"केवढी गार आहे!" त्या म्हणाल्या.

*

रविवार. सभागृह गच्च भरलेलं. महापौर, जुने विद्यार्थी, बँडवाली मुलं. मी तिसऱ्या रांगेत होते.

मुख्याध्यापिका आलर्सबाईंनी पपांना व्यासपीठाखाली गाठलं. "फॉसकांप सर, यंदा चारशेवं वर्ष आहे. शोक आहेच, पण थोडा आनंदाचाही दिवस आहे. आटोपशीर ठेवाल ना?"

"आटोपशीरच आहे," पपा म्हणाले. "चार वाक्यं आहेत."

ते वर गेले. नावं सुरू झाली. प्रत्येक नावामागून दहा वर्षांच्या मुलांचा तो पातळ, एकसुरी आवाज : हजर आहे. हजर आहे.

टिलोचं नाव आलं.

पपा थांबले.

त्यांनी वर बघितलं. समोर मुलं होती. मागे भिंतीवर पणजोबांचं चित्र होतं, फुलांचा हार घातलेलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बोला.

त्यांचे ओठ उघडले.

"टिलो ब्राकेल," ते म्हणाले. "फ्लँडर्स."

आणि पुढच्या नावाकडे वळायला गेले.

मला मुलांचं उत्तर ऐकू आलं. माझ्या शेजारच्यांनाही आलं. पपांना आलं नाही. त्यांना दिसले ते मुलांचे हलणारे ओठ. तीसेक तोंडं एकाच वेळी उघडली, मिटली… आणि आवाज नाही. बँडवाल्या मुलाच्या हातातून काठी पडली, तिचाही आवाज नाही.

आणि त्या शांततेत, वर माळ्यावर…

किल्ली वळली.

एकच फेरा.

पपांनी उरलेली नावं कशी वाचली, त्यांना आठवत नव्हतं. खाली उतरल्यावर त्यांनी पाहिलं, शिमानेकबाई छताकडे बघत उभ्या होत्या. एप्रनच्या खिशात हात.

"वर कुणी गेलंय का सर?" त्या हळूच म्हणाल्या. "किल्ली तर माझ्याजवळ आहे."

*

गाडीत मी गप्प बसू शकले नाही.

"का नाही सांगितलंत?"

"समोर मुलं होती इर्मे. एवढीएवढी."

"तोही मुलगाच होता."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी सांगेन. नक्की."

"तुमचे वडीलही असंच म्हणत असतील."

पपा हसले. अगदी थोडं. "शब्दसुद्धा हेच होते," ते म्हणाले.

माझ्यासमोर ते हसले ते तेव्हा शेवटचं.

त्यानंतर रोज संध्याकाळी, अंधार पडला की, त्यांना तो आवाज यायला लागला. शाळेत नाही. घरात. कधी स्वयंपाकघराच्या बाजूनं, कधी न्हाणीघराच्या. एक फेरा. मग ते उठून जात आणि दार ढकलून बघत. दार उघडायचं.

"पहिला फेरा फसवा असतो," ते मला फोनवर म्हणाले. विनोद केल्यासारखं म्हणाले. दातावर दात आपटल्याचा आवाज मला ऐकू आला.

"पपा, हीटर बिघडलाय का?"

"हीटर तापलाय. हात लावता येत नाही इतका."

*

ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी मी कॉफीला गेले. सोबत बेदाण्यांचा केक नेला होता. आई असताना ती करायची तसला, पण दुकानातला. मी टेबल मांडलं. मेणबत्त्या लावल्या. पपा अभ्यासिकेत होते.

"पपा, या. कॉफी गार होतेय."

"आलो, आलो. एवढं वाक्य संपवतो."

"तुमचं वाक्य संपेपर्यंत केक शिळा होईल."

"ग्रीक वाक्य आहे. वेळ लागणारच."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं. दाराच्या मुठीचा खडखडाट.

"इर्मे, बाहेरून ढकल जरा. अडकलंय."

मी ढकललं. दार हललं नाही. मी खांदा लावला. भिंतीला लावल्यासारखं वाटलं.

"थट्टा करू नकोस गं."

"मी नाही करत, पपा."



कुलपाच्या जागी ते भोक होतं. मी वाकून डोळा लावला. आत दिवा चालू असायला हवा होता… काहीच दिसेना. नुसता काळोख. आणि त्या भोकातून बारीक, सुईसारखी थंड हवा माझ्या डोळ्यावर येत होती.

मी शेजाऱ्यांना फोन केला. "पहार घेऊन या, लवकर या." परत दाराशी आले आणि खाली बसले. ते पलीकडे खाली बसलेत हे मला कळत होतं. त्यांचा श्वास दाराच्या फटीतून ऐकू येत होता.

"फार थंडी आहे इथे," ते म्हणाले.

"येताहेत ते. दोन मिनिटं."

"इर्मे… घंटा झाली का?"

"कसली घंटा?"

"संध्याकाळची. घंटा झाली की सोडतात."

मी म्हणाले, "झाली, पपा. आत्ताच झाली."

पलीकडून दारावर डोकं टेकल्याचा आवाज आला.

मग ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "नाही गं. त्याची कुठे झाली होती."

"सांगा त्याला," मी म्हणाले. "पपा, मोठ्यानं सांगा. आत्ता सांगा!"

ते उठले. मला कपड्यांचा आवाज आला. घसा खाकरला. आणि मग वर्गात लावायचे तो आवाज. लहानपणी जिन्याखालूनही ओळखू यायचा तो.

"टिलो ब्राकेल युद्धात पडला नाही," पपा म्हणाले. "टिलो ब्राकेल शाळेच्या कोठडीत मेला. त्याला तिथे कोंडणारे माझे आजोबा होते. आणि मला हे…"

माझ्या कानाशी, त्या रिकाम्या भोकात…

किल्ली वळली.

एकदा.

आणि पुन्हा एकदा.

वाक्य तिथेच राहिलं.

*

शेजारी पहार घेऊन धावत आले. पहार लावायची गरज पडली नाही. त्यांनी दाराला नुसतं बोट लावलं, आणि ते उघडलं.

दिवा चालू होता. हीटर तापलेला होता. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची जाड साय होती.

पपा दाराशी टेकून बसले होते.

त्यांच्या खुर्चीवर काय होतं ते सांगायला नको.

एक गोष्ट मात्र सांगते. दाराच्या आतल्या बाजूला ओरखडे होते. वरपासून खालपर्यंत, खोल, लाकूड सोलून निघालेलं. शेजाऱ्यांनी ते पाहिले आणि नजर दुसरीकडे फिरवली. मी पपांचे हात हातात घेतले. निळे पडले होते. पण नखं नेहमीसारखी नीट कापलेली होती. एकही तुटलेलं नव्हतं. नखात लाकडाचा कणही नव्हता.

मी ते हात चोळत राहिले. ऊब येईल असं वाटत होतं. डॉक्टर येईपर्यंत चोळत होते.

*

अंत्यविधीनंतर काही महिन्यांनी मी आलर्सबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वाईट बाई नाहीत त्या.

"तुमच्यावर काय गुदरलंय ते मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण या सगळ्याला पुरावा?"

"ओकखाली खणा."

"ते झाड संरक्षित आहे हो. मुळांना धक्का लावायचा तर परवानगी लागते. समितीपुढे ठेवू आपण. पुढच्या वर्षी."

मी उठले.

"आणि हो," त्या म्हणाल्या, "यंदा नावं तुम्हीच वाचाल ना? फॉसकांपांशिवाय बरं नाही दिसत."

मी हो म्हणाले.

शिमानेकबाई फाटकापर्यंत पोचवायला आल्या. त्यांनी खिशातून कोठडीची किल्ली काढून माझ्यापुढे धरली. "ही तुम्ही नेता का? मला नको वाटते जवळ."

"मलाही नको, बाई."

त्यांनी ती परत खिशात टाकली. दोघी थोडा वेळ ओकखाली उभ्या राहिलो. वारा नव्हता. वरची पानं हलत होती.

येत्या शोकरविवारी मी वाचणार आहे. टिलोच्या नावापाशी थांबणार आहे. पपांनी अर्धं सोडलेलं वाक्य पूर्ण करणार आहे, समोर कुणीही बसलेलं असो. ही हकीकत इथे लिहिली तीही त्याचसाठी. त्या दिवशी माझी जीभ अडलीच, तर निदान तुम्हा लोकांना तरी माहीत असावं.

सांगितल्यानं तो शांत होईल का, मला माहीत नाही. पपा सांगतच होते. त्याने ऐकून घेतलं नाही. आणि त्याने का ऐकून घ्यावं, हेही मला सांगता येत नाही. तोही आतून सांगत होता. कितीतरी दिवस.

आजीनं कुलुपं काढली होती. मी तिच्याही पुढे गेले. सुताराला बोलावून घरातली सगळी दारं बिजागऱ्यांसकट काढून घेतली. अभ्यासिकेचं, न्हाणीघराचं, कपाटांचीसुद्धा. सुतार म्हणाला, "बाई, पाहुणे आले की पंचाईत होईल." मी म्हणाले, "पाहुणे येत नाहीत."

आता घरात नुसत्या चौकटी आहेत. या खोलीतून त्या खोलीत आरपार दिसतं.

तरी यंदाची नावं वाचायचं शाळेचं रीतसर पत्र आलं, त्या दिवसापासून रोज, अंधार पडला की…

किल्ली वळते.

मी हातातलं काम टाकते आणि कान देऊन बसते.

अजून एकच फेरा ऐकू येतो.